आ-हा म्हणे एकाच गाण्याचे धनी!

परवा हापिसातल्या क्विझमध्ये प्रश्न आला : आयुष्यात एकच हिट गाणं दिलेला नॉर्वेचा बँड कोणता? पोरं एका सुरात ओरडली, "आ-हा!" मी म्हटलं, अरे प्रश्नच चुकीचा आहे. क्विझमास्तराने माझ्याकडे असं बघितलं, जणू रिलीजच्या दिवशी मी बग काढलाय. चॉकलेटं वाटून झाली आणि मी डेस्कवर येऊन धुसफुसत बसलो.

मान्य, 'टेक ऑन मी' अफाटच आहे. १९८५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. पेन्सिलीच्या चित्रातून हात बाहेर येतो तो व्हिडिओ तर बँडचं नाव माहीत नसलेल्यांनीही पाहिलेला असतो. पण गंमत ऐका. ब्रिटनमध्ये हेच गाणं दुसऱ्या नंबरावर अडकलं होतं. तिथे यांना पहिला नंबर मिळाला तो जानेवारी १९८६ मध्ये, 'द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही' या पुढच्या गाण्याला! अमेरिकेतही ते विसाव्या नंबरापर्यंत पोचलं. १९८७ च्या 'द लिव्हिंग डेलाइट्स' या बाँडपटाचं शीर्षकगीत यांचंच. आणि १९९१ मध्ये 'रॉक इन रिओ'साठी माराकाना स्टेडियमवर यांच्यापुढे तिकीट काढून आलेली १,९८,००० माणसं होती. गिनीज बुकात नोंद आहे, बरं का. एवढी गर्दी एकाच गाण्यासाठी दोन तास उभी राहते होय?

मग ही समजूत आली कुठून? अमेरिकेतून. तिथे यांची पुढची गाणी फारशी चालली नाहीत, म्हणून तिथल्या याद्यांनी यांना 'एक-हिटवाले' ठरवलं, आणि आपण त्या याद्या जशाच्या तशा कॉपी-पेस्ट केल्या. युरोपने, ब्राझीलने काय ऐकलं ते कुणी विचारायचंच नाही! सहा महिने ऑनसाइटला जाऊन आलो म्हणून काय जगाचा चार्ट न्यू जर्सीत छापतात?

"पण लोकांना एकच गाणं आठवतं ना," इति क्विझमास्तर. आठवत असेल. आमच्या टीममध्ये मलाही अजून 'प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवला तो' म्हणूनच ओळखतात. अकरा वर्षं कोड लिहितोय हो मी!

असो. पुढच्या क्विझचे प्रश्न मी काढतो, अशी मेल एचआरला टाकली आहे. अजून उत्तर नाही.