हद्दपाराची खासदारकी

आश्विन सरत आला म्हणजे भिवंडीचे यंत्रमाग काही दिवस विसावतात. परंतु त्या शांततेचा लाभ संपादकीयास कधीच होत नाही, ते मागांच्या खडखडाटात आणि छापखान्याच्या तगाद्याखालीच लिहावे लागते. यंदा अंकाच्या कामानिमित्त वाड्याच्या रस्त्याने जाणे झाले, आणि अंबाडीच्या पुढे माळावर कमरेइतके वाढलेले, शेंड्याशी पिवळे पडू लागलेले गवत व त्यात वाकलेल्या चारदोन पाठी दिसल्या, तेव्हा ज्यांच्याविषयी लिहावयाचे कित्येक वर्षे मनात होते त्या खासदारांचे स्मरण अनायासे झाले. कारण शामराव परुळेकरांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत कसोटीचा प्रसंग याच दिवसांतला, आणि गवताच्याच कापणीचा.

भारत सेवक समाज, तेथून डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ साली मुंबईचे विधिमंडळ, पुढे कम्युनिस्ट पक्ष, असा हा प्रवास. खोती नष्ट व्हावी म्हणून १९३८ च्या जानेवारीत कोकणातील कुळांचा जो मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, त्याच्या पुढाऱ्यांत शामराव होते. परंतु आमच्या ठाणे जिल्ह्याशी त्यांची गाठ पडली ती १९४५ साली. त्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, आणि उंबरगाव-डहाणूकडचे मूठभर वारली तेथे आपले गाऱ्हाणे घेऊन आले. वेठ तर होतीच. पण लग्नासाठी सावकाराकडून दहावीस रुपये उचलावेत आणि त्यापायी नवराबायकोने जन्मभर त्याच्याच दारी राबावे, अशा माणसांना तिकडे ‘लग्नगडी’ म्हणत. मंगलकार्याचे नाव दास्याला देणारा हा शब्द ज्या कोणी घडविला, त्यास विनोदाची क्रूर जाण असली पाहिजे.

शामराव व गोदावरीबाई या दांपत्याने त्या रानांत लाल बावटा नेला, वेठ मोडली, आणि पावसाळा संपताच पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मागितली. अवघ्या अडीच रुपयांची मागणी. परंतु ज्या जमीनदारांचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई, त्यांना ती राजद्रोहासारखी भासली. ऑक्टोबरात गोदावरीबाई येणार अशी खोटी वार्ता उठून तलवाड्यास हजारो वारली जमले असता पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण पडले. त्यानंतर परुळेकर दांपत्यावर ठाणे जिल्ह्यातून हद्दपारीचा हुकूम बजावण्यात आला.

हद्दपारीचा कागद दफ्तरात पिवळा पडण्यापूर्वीच, म्हणजे १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत त्याच जिल्ह्याने शामरावांना लोकसभेवर धाडले. मतदारसंघ द्विसदस्य होता. राखीव जागेवर त्यांच्याच पक्षाचे लक्ष्मण महादू मातेरा निवडून आले. जमीनदाराच्या अंगणात ज्यास बसण्याची मुभा नव्हती, त्या समाजाचा माणूस दिल्लीच्या सभागृहात बसला, हे आम्हांस शामरावांच्या स्वतःच्या विजयाहून थोर वाटते. त्यांच्या पक्षाची सर्वच मते आम्हांस पटत होती असे मुळीच नव्हे. आणि मतदारराजाही मोठा लहरी : पुढच्याच, १९६२ च्या निवडणुकीत याच जिल्ह्यातील भिवंडीने जव्हारचे माजी अधिपती यशवंतराव मुकणे यांना पसंती दिली!

३ ऑगस्ट १९६५ रोजी स्थानबद्धतेत असतानाच शामरावांचे निधन झाले. हद्दपारीचा हुकूम, निवडीचा दाखला, स्थानबद्धतेचा हुकूम : सरकारी कागदांपुरते हे चरित्र एवढ्यात आटोपते. बाकीचे गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले, ते १९७० साली प्रसिद्ध झाले.

परतीच्या वाटेवर त्या माळाशी गाडी थांबवून आम्ही गवताचा चालू भाव विचारला. विळ्याची धार अंगठ्याने चाचपीत एक बाई म्हणाली, “तोलावर नाय आता दादा, रोजावर.” आणि कितीचा रोज, हे विचारीपर्यंत ती पुन्हा गवतात वाकली होती.