दाताची कळ थांबली, म्हणजे रोग गेला?

रात्री दाढ ठणकू लागते. लवंगेचे तेल लावून रात्र काढली जाते. सकाळी मेडिकलच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणि ‘मागच्या वेळचे’ अँटिबायोटिक येते. चार दिवसांत ठणका थांबतो आणि दातांच्या डॉक्टरांकडे जाणे राहून जाते. धोका असतो तो इथेच.

दातावरचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली डेंटिन आणि मधोमध मऊ गाभा, म्हणजे पल्प. रक्तवाहिन्या आणि नसा या पल्पमध्ये असतात. कीड वरच्या थरांत असेपर्यंत दात साफ करून सिमेंट भरले की काम भागते. ती पल्पपर्यंत पोचली की आत सूज येते. इतरत्र सूज आली तर तिला पसरायला जागा मिळते. इथे चारही बाजूंनी कठीण भिंती. आतला दाब वाढतो, म्हणून ती कळ मस्तकात जाते. पुढे पल्प मरतो, नसा मरतात आणि दुखणे थांबते. रुग्णाला वाटते बरे झाले. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत असतात.

अँटिबायोटिक इथे का पुरत नाही? गोळीतले औषध रक्तावाटे पोचते आणि मेलेल्या पल्पमध्ये रक्तच जात नाही. सूज चेहऱ्यावर पसरली किंवा ताप आला, तर ही औषधे लागतात; पण मूळ घाण दातातच राहते. ती काढण्याचे मार्ग दोनच : दात काढणे किंवा रूट कॅनाल.

रूट कॅनालमध्ये दात बधिर करून वरून छिद्र पाडतात. बारीक फाइल्सनी मुळांच्या नळ्या साफ करतात, जंतुनाशक द्रावणाने धुतात आणि त्यात गटापर्चा, म्हणजे एका झाडाच्या चिकापासून बनणारा रबरासारखा पदार्थ, भरतात. दाढेला तीन-चार नळ्या असू शकतात, म्हणून कधी एकापेक्षा जास्त खेपा होतात. असा दात पोखरलेला असल्याने पुढे तडकू शकतो. म्हणून दाढेवर बहुधा कॅप बसवावी लागते. ‘कॅप नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचा दात अनेकदा त्यापायीच जातो.

मूळ तडकले असेल किंवा दाताला आधारच उरला नसेल, तर दात काढणे योग्यच. वरचा दात काढल्याने नजर जाते, ही समजूत मात्र खोटी आहे. दाताची नस आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत. पण वाचण्याजोगा दात काढला, तर शेजारचे दात त्या फटीकडे कलतात, समोरचा दात लांबतो आणि चावणे बिघडते.

मधुमेहींनी तर दुर्लक्ष करूच नये. जंतुसंसर्गाने साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने जंतुसंसर्ग पसरतो. औषधे नियमित घेऊनही साखर आटोक्यात येत नसेल, तर तोंड उघडून दात पाहावेत, असे मी तरुण डॉक्टरांना नेहमी सांगतो. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि मानेत उतरला, तर श्वासमार्ग बंद होऊ शकतो. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला हा आजार आजही जीव घेतो. जबड्याखाली सूज, तोंड न उघडणे, गिळताना त्रास, आवाज घोगरा होणे, श्वास लागणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे.

राहिला प्रश्न पैशांचा. खासगी दवाखान्यात रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च काही हजारांत जातो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार कमी खर्चात होतात. पण तालुक्यातल्या मजुराला तिथवरची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. मग तो दात काढून मोकळा होतो किंवा गोळ्यांवर दिवस ढकलतो. ग्रामीण रुग्णालयांत दंतवैद्यांबरोबर दातांचा एक्स-रे आणि रूट कॅनालचे साहित्य पोचले, तर हे चित्र बदलेल. दात वाचवणे ही चैन नाही, तो आरोग्यसेवेचाच भाग आहे. शासनाने तो तसा मानावा; आणि आपण, ठणका थांबला तरी, दातांच्या डॉक्टरांकडे जावे.