मोखाड्याची भाजी
सदर : शिवार आणि सरकार

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या मुलखात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तरीही फाल्गुन सरता सरता तेथील अनेक पाड्यांवर टँकरच्या प्रतीक्षेत हंडे-कळशांच्या रांगा लागतात. मोडकसागरापासून (१९५७) मुंबई ज्या वैतरणेचे पाणी पीत आली आहे, तिच्यावरील मध्य वैतरणेचे धरण तर मोखाडा तालुक्याच्याच हद्दीत आहे. पाणी खाली गेले, आणि भाजी मात्र दुसरीकडून वर चढून येते: शहराने निवडून उरलेली, टेम्पोत सुकलेली, आणि आठवडी बाजारात पोहोचेपर्यंत किंमत वाढलेली.

१९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी अवघा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून या भागासाठी योजनांची वाण कधीच पडली नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी पाच किलो, तर अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्याची तरतूद केली. पण धान्याने पोट भरते, रक्त भरतेच असे नाही.

पावसाळ्यातील चित्र निराळे असते. पहिल्या सरींबरोबर शेवळी उगवतात, आणि त्यांची खाज मारण्यासाठी काकडांचा आंबट रस घालण्याची युक्ती येथील प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. मागोमाग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली येतात, आणि रान हेच घरचे कोठार बनते. (शहरात हल्ली याच भाज्यांचे महोत्सव भरतात, ही कौतुकाची गोष्ट खरी, पण महोत्सवाचा मांडव आषाढ-श्रावणातच उभा राहतो, आणि अडचण मार्गशीर्षापासून सुरू होते.) दिवाळी आटोपली की निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर उचल फेडायला जातो, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि लेकुरवाळ्यांच्या वाट्याला नागलीची भाकर आणि टिकतात म्हणून आणलेले कांदे-बटाटे उरतात.

यावर फिरती भाजीगाडी, शीतगृह, अनुदानित विक्रीकेंद्र अशा तजविजी दफ्तरात वारंवार मांडल्या जातात. माझ्या मते त्या मुळातच चुकीच्या गृहीतकावर उभ्या आहेत. कारण दर आठवड्याला हाती रोकड असणारे गिऱ्हाईक त्यांना अभिप्रेत आहे, आणि वर्षाची कमाई उचलीच्या रूपाने आगाऊच खर्चून बसलेल्या कुटुंबाला ते वर्णन लागू पडत नाही. येथे भाजी विकत मिळण्यापेक्षा दारात पिकणे अधिक महत्त्वाचे आहे. भात निघाल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल येतो, हे कोकणाला नव्याने शिकवावे लागत नाही. मोरीच्या सांडपाण्यावर चार वाफे माठ-अंबाडीचे आणि मांडवावर एक दुधी निघू शकतो. बियाण्याचा प्रश्न तर अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बँक उभारून कधीच सोडवून दाखविला आहे.

मग अडते कोठे? घरचे भागून उरलेल्या पाच जुड्यांना पाड्यातच गिऱ्हाईक नसते, तेथे. वास्तविक ते गिऱ्हाईक सरकारच आहे. २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते. आश्रमशाळांतून मुले दोन्ही वेळा जेवतात. अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नसावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ ऑक्टोबर २००४ चा स्पष्ट आदेश आहे. परंतु न्यायालयाने हुकूम केला तरी हिशेबतपासनीसाला पावती लागतेच, आणि जिच्या घरी पावतीपुस्तक नाही त्या बाईची कोवळी भाजी डावलून, पावतीपुस्तक असणाऱ्या दुकानदाराची शिळी भाजी कायदेशीर ठरते. शिवाय देयके महिनोन्‌महिने रखडली, तर दुकानदार तग धरतो. परसबागवाली धरू शकत नाही.

म्हणून पालघर जिल्हा परिषदेने आणि आदिवासी विकास विभागाने यंदा एवढेच करावे: अंगणवाडी सेविकेस आणि आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकास, पाड्यातील बचत गटाकडून साध्या हातपावतीवर भाजी घेण्याचा आणि आठवड्याच्या आत रोख चुकती करण्याचा अधिकार लेखी द्यावा, आणि तो हुकूम भात कापणीपूर्वी काढावा, म्हणजे वालाचे बी ओलीत पडेल.

— शिवारकर