पायवाट जपा, पाहुणा टिकेल

मावळातल्या घरोघरच्या मंडळींनो,

जुलै २०२५ मध्ये आपला लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता मळवली, भाजे, लोहगडवाडीकडे आणखी माणसं येतील. राजमाचीच्या उधेवाडीत तर काजवे पाहायला रीघ लागतेच. दोन पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण ही माणसं रानातून चालायला येतात. वाट बिघडली तर ती दुसरीकडे जातील. दवाखान्यासाठी गावाला रस्ता हवाच, पण रानवाटेवर जेसीबी घालू नका.

मृग लागायच्या आत सगळ्या गावाने एक दिवस वाटेवर जावं. पाणी जिथे वाटेवरून धावतं, तिथे तिरपे दगड बसवून ते कडेला काढा. नाहीतर वाटेचाच ओढा होतो. मग चिखल चुकवायला माणसं गवतावरून चालतात, वाट रुंदावते आणि माती वाहून तुमच्याच भातखाचरात येते. जमीन वनखात्याची असेल तर आधी वनरक्षकांना भेटा. संयुक्त वन व्यवस्थापन समितीत ठराव करा. परवानगी हातात आल्यावरच कुदळ उचला.

लोणावळ्याहून राजमाची पंधराएक किलोमीटर आहे. धुक्यात चार पावलांपुढचं दिसत नाही. प्रत्येक फाट्यावर लहानशी पाटी रोवा. झाडाला खिळे ठोकू नका, गडाच्या दगडांना रंग फासू नका.

पाण्याशी खेळ नको. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, चार जीव गेले. डोंगरावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, शहरातल्या माणसाला नाही. पाणी गढूळ दिसलं की त्याला थांबवा. रुसला तर रुसू दे. दुर्घटना झाली की बंदीचा हुकूम निघतो आणि साऱ्या गावाचा हंगाम बुडतो. ११२ हा नंबर आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाचा नंबर प्रत्येक घरात लिहून ठेवा.

काजवे उजेडानेच जोडीदाराला बोलावतात. बॅटऱ्या आणि गाड्यांचे दिवे लागले की त्यांची खूण हरवते. जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, पुढे काजवेही नाहीत. म्हणून गाड्या गावाबाहेर लावायला सांगा. झाडाजवळ बॅटरी बंद, गाणी बंद.

पैशाचं ग्रामसभेत उघड ठरवा. वाटाड्याची मजुरी, जेवणाचा दर आणि एका वाटाड्यामागे किती माणसं, हे फळ्यावर लिहा. घरांच्या पाळ्या लावा, म्हणजे एकाच घरी गर्दी आणि शेजारी रुसवा असं होणार नाही. पाहुण्याला पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात वाढा. हा तांदूळ आपल्या वडगावच्या संशोधन केंद्रातच तयार झाला, हेही सांगा. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे अनामत घ्या. बाटली परत दाखवली की पैसे परत.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. वाटाड्या व्हायला तयार असलेल्या पोरापोरींची नावं तिथेच लिहून घ्या आणि वाट दुरुस्त करायचा दिवसही त्याच बैठकीत ठरवा.