भुकटीची किंमत ओळखा



त्रिमितीय मुद्रण म्हणजेच थ्री-डी प्रिंटिंग. हे नाव तुमच्या कानांवर आले असेल. संगणकावर एखाद्या वस्तूची आकृती काढायची आणि यंत्राने थरावर थर रचून ती वस्तू तयार करायची, अशी ही रीत आहे. विज्ञान प्रदर्शनात असे यंत्र ठेवले, की त्याच्याभोवती गर्दी जमते. सगळे यंत्राचे कौतुक करतात. यंत्राच्या पोटात कोणता माल घातला आहे, हे मात्र फार थोडे जण विचारतात. माझे मत असे आहे, की या कामातली निम्मी विद्या त्या मालात आहे आणि आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

हा माल निरनिराळ्या प्रकारचा असतो. काही यंत्रांत प्लास्टिकची तार लागते, तर काहींत पातळ राळ. परंतु विमानाचे धातूचे भाग, अग्निबाणाची इंजिने, शस्त्रक्रियेत बसवायचे कृत्रिम सांधे अशा वस्तू बहुधा भुकटीपासून बनवतात. मराठीत तिला भुकटी, पूड किंवा चूर्ण म्हणतात. तुम्ही उर्दूत तिला 'सफूफ' म्हणता. नायलॉनची भुकटी असते, पोलादाची असते, ॲल्युमिनियमची आणि टायटॅनियमचीही असते.

भुकटीवर लेसर किरण फिरवून वस्तू घडवण्याची कल्पना १९८०च्या दशकात अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात पुढे आली. कार्ल डेकार्ड हा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक जो बीमन यांनी तिच्यावर काम केले. रीत समजायला सोपी आहे. सपाट पाटावर भुकटीचा अगदी पातळ थर पसरतात. लेसर किरण आकृतीप्रमाणे ठरलेल्या जागीच फिरतो. तेथील कण तापून एकमेकांना जोडले जातात. मग पाट किंचित खाली सरकतो आणि त्यावर दुसरा थर पसरला जातो. असे शेकडो, कधी हजारो थर झाले, की मोकळी भुकटी बाजूला करून वस्तू बाहेर काढतात.

आता तुम्ही म्हणाल, "यात भुकटीचे एवढे काय? धातू कुटला, की झाली भुकटी!" तसे नाही. करवतीचा भुसा आणि मोहरी दोन वेगवेगळ्या ताटांत ओतून पाहा. मोहरी घरंगळत सगळीकडे सारखी पसरते. भुसा मात्र जागच्या जागी ढीग करून बसतो. मुद्रणाची भुकटीही मोहरीसारखी गोल कणांची हवी. ती सारखी पसरली नाही, तर थरात पोकळ्या राहतात आणि पोकळी राहिलेला भाग भार पडताच तडकू शकतो. वरून तो कितीही चकचकीत दिसला, तरी आत कमजोरच असतो.

असे गोल कण मिळवण्यासाठी धातू वितळवतात आणि त्याच्या बारीक धारेवर आर्गॉनसारख्या वायूचा जोरदार झोत सोडतात. धारेचे थेंब थेंब होतात आणि खाली पडता पडता ते गोल आकारातच गोठतात. मग चाळून योग्य आकाराचे कण वेगळे करतात. धातूच्या लेसर मुद्रणासाठी साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे कण घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे कण किती बारीक आहेत ते ध्यानात येईल. शिवाय पावसाळ्यात मीठ ओलसर होऊन त्याचे गोळे होतात, तशी ही भुकटीही दमट हवेत बिघडू शकते. म्हणून ती घट्ट बंद डब्यात कोरडी ठेवावी लागते.

एवढी मेहनत कशासाठी? आपल्याच देशातले उदाहरण घ्या. ९ मे २०२४ रोजी 'इस्रो' या आपल्या अंतराळ संशोधन संस्थेने महेंद्रगिरी येथे एका इंजिनाची ६६५ सेकंद चाचणी घेतली. हे इंजिन पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यासाठी होते आणि भुकटीपासून मुद्रित केले होते. जुन्या रीतीत ज्याचे १४ भाग जोडावे लागत, ते एकसंध तयार झाले आणि १९ जोड वाचले. जुन्या रीतीने एका इंजिनाला ५६५ किलो धातू लागत असे. नव्या रीतीत १३.७ किलो भुकटी पुरली. हे आकडे वहीत लिहून ठेवा. धातू खाणीतून काढायला आणि शुद्ध करायला किती कष्ट व इंधन लागते, हे आठवले, की या बचतीचे मोल समजते.

तरीही या रीतीची नुसती स्तुती करणे मला पटत नाही. काही लोक सांगतात, की यात मुळीच नासाडी होत नाही. हे पूर्ण खरे नाही. नायलॉनची न वापरलेली भुकटीही यंत्रात तासन् तास तापते आणि तिचा गुण उतरतो. तिच्यात ताजी भुकटी मिसळूनच ती पुन्हा वापरावी लागते. शिवाय हे काम महाग आणि संथ आहे. हजारो सारख्या बादल्या हव्या असतील, तर साचाच बरा. जेथे वस्तू थोड्या, पण आकार अवघड, तेथे भुकटी कामी येते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ही भुकटी हाताळणारा कामगार आपल्यासारखाच माणूस आहे. हवेत उडालेले बारीक कण श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमची भुकटी एका ठिणगीनेही पेट घेऊ शकते आणि अशा आगीवर पाणी टाकले तर ती अधिकच भडकते. तिच्यासाठी वेगळे कोरडे अग्निशामक लागते. म्हणून ज्या कारखान्यात लाखोंचे यंत्र येते, तेथे मुखपट्टी, हातमोजे आणि योग्य शिक्षण आधी आले पाहिजे. यंत्रासाठी पैसा आहे आणि माणसासाठी नाही, हा हिशोब चुकीचा आहे.

"या यंत्रांमुळे टर्नर-फिटरचे काम जाईल," अशी भीती काहींना वाटते. काही कामे बदलतील, हे मान्य करावे लागेल. पण मुद्रित धातूचा भाग यंत्रातून निघाला, की तो पाटावरून कापावा लागतो, घासावा लागतो, तपासावा लागतो. तेथे अनुभवी हात आणि नजर लागतेच. ज्याला धातूची जात कळते, त्याची गरज संपणार नाही.

म्हणून मुलामुलींनो, माझे सांगणे एवढेच आहे. संगणक शिका, जरूर शिका. पण पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राची पुस्तके केवळ गुणांसाठी वाचू नका. धातू कधी वितळतो, का गंजतो, त्याचे कण कसे जुळतात, हे प्रश्न शिक्षकांना विचारा. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणे कमीपणाचे समजू नका. यंत्र कोणीही पैसे देऊन आणू शकेल. त्यात कोणती भुकटी घालावी आणि का, हे सांगणारा माणूस मात्र शिकूनच तयार होतो. तो माणूस तुमच्यापैकी कोणीही होऊ शकतो.