धबधबा आणि कलम १६३

जून संपत आला की दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे ऑफिसच्या ग्रुपवर "या शनिवारी देवकुंड?" असा मेसेज, आणि दुसरी म्हणजे कुठल्या ना कुठल्या जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. आकडा बदलला, मजकूर साधारण तोच. धबधबे, धरणं, दऱ्या, सगळं बंद!

मंडळी, माझं मत सांगतो. सांदण दरीला पावसाळ्यात बंदी हवीच, त्यात चर्चा नको. देवकुंडाच्या वाटेला मात्र सरसकट बंदी नको.

साम्रदहून सांदणमध्ये उतरलात की दोन्ही बाजूंना उभा कातळ. काही ठिकाणी इतकी चिंचोळी की दुपारीसुद्धा ऊन धड तळाला पोचत नाही. हिवाळ्यातही मध्ये कमरेपर्यंत थंडगार पाणी लागतं. तिथे वरून लोंढा आला तर बाजूला व्हायला बाजूच नाही. नोव्हेंबरनंतर जा, मजेत जा.

आता थोडं गणित (सवयीचा गुलाम, माफ करा). एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. समजा ओढ्याचं पाणलोट दोन चौरस किलोमीटर आहे आणि घाटमाथ्यावर तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला. झालं दहा कोटी लिटर. जुलैत माती आधीच भिजून गच्च, खाली बेसॉल्टचा कातळ, म्हणजे मुरायला जागा फारशी नाही. त्यातलं निम्मं जरी तासाभरात ओढ्यात उतरलं, तरी दहा हजार लिटरचा टँकर सेकंदाला एकाहून जास्त! आणि तुम्ही उभे आहात तिथे कदाचित ऊन पडलेलं असेल. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले ते असंच प्रवाहाच्या मध्ये उभे असताना. त्यांना पोहता येत होतं का, वगैरे चर्चा नंतर बरीच झाली. त्या वेगात पोहण्याचा काय संबंध?

तर खरा धोका धबधब्यापेक्षा ओलांडायच्या ओढ्यांचा आहे. भिऱ्याहून देवकुंडाला जाताना जंगलातून दोनेक तास चालावं लागतं आणि वाटेत ओढे लागतात. सकाळी घोट्याएवढं पाणी, परतताना मांडीपर्यंत. पलीकडे अडकलेला ग्रुप अंधार पडायच्या भीतीने पाण्यात उतरतो.

सरसकट बंदीने होतं काय, की पोलीस रस्त्यावर उभे आणि उत्साही पोरं आडवाटेने आत. वाटाड्या सोबत नाही, कारण गावातला माणूस बंदीच्या दिवशी कशाला लफड्यात पडेल? म्हणजे ज्याला तो ओढा लहानपणापासून माहीत आहे, नेमका तोच बाजूला झाला. शिवाय पिठलं-भाकरीवर घर चालवणाऱ्यांचा सीझन बुडाला तो वेगळाच. हे म्हणजे सर्व्हरवर हल्ला होतोय म्हणून प्लग काढून ठेवण्यासारखं आहे. सर्व्हर सुरक्षित, काम बंद.

त्याऐवजी प्रत्येक ओढ्याच्या कातळावर गुडघ्याच्या उंचीला लाल रंगाचा पट्टा मारा. पाणी पट्ट्याला लागलं की कोणीही ओलांडायचं नाही, साहेब असो की साहेबाचा मेहुणा. माथ्यावर पाऊस चढताना दिसला तर त्याआधीच. कुंडाच्या अलीकडे दोर बांधा, दोराच्या पुढे कोणी नाही. धबधबा लांबूनही दिसतो हो, त्यासाठी त्याच्या खाली डोकं घालायला लागत नाही. आणि दुपारी दोननंतर आत सोडणं बंद.

हे सगळं पाहायला गावातलीच चार पोरं नेमा, प्रवेश शुल्कातून त्यांना पगार द्या, आणि मुख्य म्हणजे "परत फिरा" म्हणण्याचा लेखी अधिकार द्या. नाहीतर पुण्या-मुंबईहून पेट्रोल जाळून आलेली गँग त्यांचं ऐकणार नाही, हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे.