पडदा बदलला, पण कोणता बसवला?

बोरीवली स्टेशनाच्या पश्चिमेस बाहेर पडले की मोबाइल दुरुस्तीची दुकाने लागतात. फुटलेला फोन घेऊन गिऱ्हाईक येते. दुकानदार पडदा बदलण्याचे दोन भाव सांगतो, एक स्वस्त आणि एक महाग. गिऱ्हाईक साहजिकच स्वस्त भावाला होकार देते. महाग पडदा ओएलईडीचा व स्वस्त पडदा एलसीडीचा आहे, हे मात्र पुष्कळदा त्यास कोणी सांगत नाही.

या दोहोंत फरक काय? एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्या पाठीमागे दिवा जळत असतो, म्हणून काळा रंगही किंचित राखाडी दिसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. काळ्या जागी तो विझतो व तेवढी बॅटरी वाचते. कोडॅक कंपनीचे चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली या तंत्राचा पाया घातला. त्यातही उणीव आहेच. एकच चित्र फार काळ राहिल्यास त्याचा डाग उमटतो. ही भीती एलसीडीत कमी, शिवाय किंमतही कमी. ॲपल कंपनीने २०१७ साली आयफोन टेनला ओएलईडी पडदा दिला, तरी २०१९ च्या आयफोन ११ ला एलसीडीच ठेवला. तेव्हा एलसीडी हा काही टाकाऊ माल नव्हे.

अडचण होते ती ओएलईडीसाठी घडविलेल्या फोनमध्ये एलसीडी बसविल्यावर. पडद्याखाली उजेडाने बोटाचा ठसा ओळखण्याची सोय असेल तर ती बंद पडते, कारण तो उजेड मागच्या दिव्याच्या थरांतून पार जात नाही. पडदा जाड असल्याने कडेला वर राहू शकतो. मग चार दिवसांनी गिऱ्हाईक परत येते आणि गल्ल्यासमोर वाद होतो.

आमच्या मते यावर उपाय सोपा आहे. व्यापारी बांधवांनी दोन्ही पडदे गिऱ्हाइकाला शेजारी ठेवून दाखवावेत, कोणती सोय जाईल ते आधीच सांगावे आणि बिलावर पडद्याचा प्रकार स्पष्ट लिहावा. मालाच्या दर्जाची माहिती मिळणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाचा हक्क मानला आहे. गिऱ्हाइकानेही बिल मागण्यास संकोच करू नये. स्वस्त माल विकण्यात कमीपणा नाही. तो महागाच्या नावाने विकला तर दुकानाची पत जाते, आणि गेलेली पत कोणत्याही भावाने परत मिळत नाही.